बर्फ सोसणारे रोप बागेत का मरते?

युरोपातील आल्प्स पर्वताच्या माथ्याकडील उतारांवर वाढणाऱ्या वनस्पतींविषयी सर्वसामान्य माणसाच्या मनात एक आदरयुक्त कुतूहल असते. वर्षातील सहा-सात महिने बर्फाखाली काढायचे, झोंबऱ्या वाऱ्यात तग धरायचा, मूठभर मातीवर भागवायचे आणि उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत पाने, फुले, बी असा सारा संसार उरकायचा, असे या वनस्पतींचे जीवन असते. बागकामाच्या भाषेत अशा वनस्पतींना काटक म्हणतात. जी वनस्पती अशा ठिकाणी जगते, ती सपाटीवरील बागेत, सुपीक मातीत आणि माळ्याच्या देखरेखीखाली अधिकच सुखाने जगेल, असे साहजिकच वाटते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते.

प्रस्तुत लेखकाची एक मावसबहीण गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये वास्तव्यास आहे. तिने तेथील रोपवाटिकेतून एडलवाईसचे एक रोप आणून घरामागील बागेत लावले. रोपासोबतच्या चिठ्ठीवर ‘काटक, बहुवर्षायू’ असे छापलेले होते. पहिल्या उन्हाळ्यात फुले आली. दुसऱ्या वर्षी रोप चांगले उंच झाले, परंतु फुलांचा पांढरेपणा उणावला. तिसऱ्या वर्षी वसंत ऋतूत पाहते तो काय, जागेवर काळपट, मऊ पडलेला बुंधा तेवढा शिल्लक होता! तिने पत्रातून विचारले, “खत घातले, पाणी कधी चुकवले नाही. या हिवाळ्यात पारा उणे चारच्या खालीही उतरला नाही. उणे वीस अंश सोसणारे रोप उणे चारमध्ये कसे मेले? माझे काय चुकले?”

हा प्रश्न एका बागेपुरता मर्यादित नाही. पर्वतीय वनस्पती सपाटीवर लावू पाहणाऱ्या बागप्रेमींना तो गेल्या दीडशे वर्षांपासून पडत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना वनस्पती आणि तिची भूमी यांच्यातील नात्याचा एक चांगला धडा मिळतो. हा धडा आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

एडलवाईसचे मूळ घर

एडलवाईस ही सूर्यफुलाच्या कुळातील एक लहानशी वनस्पती आहे. ‘उदात्त’ आणि ‘पांढरा’ या अर्थांचे दोन जर्मन शब्द मिळून तिचे नाव झाले आहे. लिओंटोपोडियम हे तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव असून त्याचा अर्थ सिंहाचे पाऊल असा होतो. ज्या पांढऱ्या तारकेला आपण तिचे फूल समजतो, ती वस्तुतः लोकरीसारख्या लवेने झाकलेली पाने होत. खरी फुले अगदी बारीक असतात व ती या तारकेच्या मध्यभागी पिवळसर झुबक्यांत दाटलेली असतात. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या देशांनी या वनस्पतीला जणू राष्ट्रीय मानचिन्हच मानले आहे. ऑस्ट्रियाच्या दोन सेंटच्या नाण्यावर तिचे चित्र आहे. हौशी पर्यटकांनी ती उपटून नेऊ नये म्हणून आल्प्सच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच तिच्या संरक्षणाचे नियम होऊ लागले होते.

साधारणपणे १,८०० ते ३,००० मीटर उंचीवर, चुनखडीच्या खडकांच्या फटींत आणि उन्हाकडे तोंड असलेल्या गवताळ उतारांवर ती वाढते. युरोपची म्हणून ती प्रसिद्ध असली तरी तिचे बहुतेक भाऊबंद आशिया खंडात आहेत. तिबेटचे पठार आणि हिमालय हा या प्रजातीच्या विस्ताराचा प्रमुख प्रदेश होय. आपल्या हिमालयातही एडलवाईसच्या काही जाती आढळतात.

तिच्या मूळ घराची चार वैशिष्ट्ये ध्यानात ठेवली पाहिजेत. पहिले वैशिष्ट्य पाण्यासंबंधीचे आहे. आल्प्समध्ये पाऊस व बर्फ मिळून पाण्याची कमतरता नसते, परंतु उतार आणि दगडगोटे यांमुळे ते वाहून जाते. मुळांना ओल मिळते, पण मुळांशी पाणी साचत नाही. दुसरे वैशिष्ट्य बर्फाचे. हिवाळ्यात तेथे आभाळातून पडते ते पाणी नसून कोरडे हिम असते. अर्धा मीटर जाडीचा बर्फाचा थर साचला की वर हवेचे तापमान उणे वीस असले तरी थराखालील मातीचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. ज्या बर्फाची आपल्याला धास्ती वाटते, तो त्या रोपावर पांघरलेली दुलई असतो. तिसरे वैशिष्ट्य प्रखर ऊन आणि थंड रात्री यांचे आहे. दर शंभर मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी सुमारे ०·६ अंश सेल्सियसने उतरते. त्यामुळे उन्हाळ्यातही तेथील रात्री गारच राहतात. चौथे वैशिष्ट्य असे की, तेथील माती पातळ आणि अन्नद्रव्यांच्या दृष्टीने गरीब असते.

ज्या काळ्या मातीच्या सपाट वाफ्यात मावसबहिणीने रोप लावले, त्यात या चारांपैकी एकही गोष्ट नव्हती.

‘काटक’ या शब्दाची मर्यादा

रोपवाटिकेच्या चिठ्ठीवरील शब्द खोटा नव्हता, तो अपुरा होता. इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने वनस्पतींच्या काटकपणाच्या श्रेणी ठरविल्या आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीतील वनस्पती उणे वीस अंशांहूनही अधिक थंडी सोसतात. परंतु ही श्रेणी मुख्यत्वे एका गोष्टीवर, म्हणजे किमान तापमानावर आधारलेली आहे. वनस्पती किती ओल सोसेल, किती उबदार रात्री सोसेल, किती खत पचवील, हे त्या श्रेणीवरून कळत नाही.

शिवाय थंडी सोसण्याची शक्ती रोपात बारमाही सारखी नसते. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागतात, रात्री गारठतात आणि रोपाची वाढ थांबते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पेशींमध्ये शर्करेसारख्या द्रव्यांचा साठा वाढतो, पेशींतील पाण्याचे प्रमाण घटते आणि पेशींची आवरणे गोठणीला तोंड देण्यास सिद्ध होतात. या सिद्धतेनंतर जे रोप उणे वीस अंश सहज सोसते, त्याच रोपाची कोवळी पालवी ऐन वाढीच्या काळात उणे पाच-सात अंशांतच करपू शकते. म्हणजे काटकपणा हा रोपाचा कायमचा दागिना नव्हे. प्रत्येक हिवाळ्यापूर्वी तो नव्याने कमवावा लागतो आणि त्यासाठी योग्य हवामानाची साथ मिळावी लागते.

वनस्पती आपल्या जागेशी किती घट्ट बांधलेली असते, याची साक्ष एका प्रसिद्ध प्रयोगातून मिळाली आहे. कॅलिफोर्नियात कार्नेगी संस्थेचे क्लॉसेन, केक आणि हीसी या तीन शास्त्रज्ञांनी तीन वेगवेगळ्या उंचींवर बागा केल्या. एक स्टॅनफर्ड येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ३० मीटरांवर, दुसरी मेथर येथे सुमारे १,४०० मीटरांवर आणि तिसरी वृक्षरेषेजवळ सुमारे ३,०५० मीटरांवर. एकेका रोपाचे भाग करून ते तिन्ही बागांत लावण्यात आले, जेणेकरून बीज एकच आणि भूमी तेवढी निराळी असे व्हावे. या प्रयोगांचा महत्त्वाचा वृत्तान्त १९४० साली प्रसिद्ध झाला. किनाऱ्याकडील रोपांचे भाग उंचावरील बागेत टिकाव धरू शकले नाहीत, यात नवल नव्हते. परंतु उंचावरील रोपांचे भागही सपाटीवरील सौम्य हवेत भरभराटले नाहीत. ते खुजे व दुबळेच राहिले. एकाच जातीच्या झाडांतही त्या त्या उंचीशी मिळतेजुळते घेतलेले वेगवेगळे वंश असतात, हे यातून सिद्ध झाले.

साचलेले पाणी हा पहिला शत्रू

सपाटीवर पर्वतीय रोपे मरतात ती थंडीने नव्हे, तर बहुतांशी हिवाळी ओलीने. इंग्लंडचा हिवाळा आल्प्सच्या मानाने सौम्य असतो, परंतु तो पावसाळी असतो. मातीचे कण जितके बारीक, तितके त्यांच्या पोकळ्यांत पाणी अधिक काळ धरून राहते. मुळे श्वसन करतात व त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. त्यामुळे पाण्याने भरलेल्या मातीत मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरश्या सहज हल्ला करतात.

एडलवाईसच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिच्या अंगावरील दाट लव ही उंचावर तिचे चिलखत असते. ती प्रखर सूर्यकिरणांपासून, विशेषतः अतिनील किरणांपासून बचाव करते आणि वाऱ्याने होणारे बाष्पीभवन कमी करते. तीच लव सपाटीवरील रिमझिम पावसात ओल्या घोंगडीसारखी भिजून राहते. वारा खेळत नाही, ऊन दिवसेंदिवस पडत नाही, आणि या ओलसर लवेत करडी बुरशी घर करते. बुंध्याचा जमिनीलगतचा भाग, ज्यात पुढील वर्षाचे कोंब दडलेले असतात, तो सर्वांत आधी कुजतो. वरची पाने काही दिवस तशीच दिसतात. त्यामुळे रोप मेल्याचे मालकाला पुष्कळ उशिरा कळते.

मुळे गुदमरली की रोपाला पाणी शोषता येत नाही व पाने कोमेजतात. कोमेजलेली पाने पाहून माणसाला वाटते की रोप तहानले आहे, म्हणून तो आणखी पाणी घालतो. असंख्य रोपांचा शेवट अशा मायेपोटीच होतो.

दुलईवाचून हिवाळा

सपाटीवर बर्फ टिकत नाही. दुपारी तापमान पाच-सहा अंशांवर जाते, रात्री ते शून्याखाली उतरते. भिजलेली माती गोठताना फुगून वर उचलली जाते आणि वितळताना खाली बसते. असे पुनःपुन्हा घडले की लहान रोप मुळांसकट वर ढकलले जाते, बारीक मुळे तुटतात आणि उघडी पडलेली मुळे सुकतात. पहिल्या वर्षीच्या रोपांना याचा विशेष त्रास होतो.

यापेक्षाही फसवा प्रकार म्हणजे अवेळीची ऊब. आल्प्समध्ये बर्फ वितळेपर्यंत रोप अंधारात निजून असते आणि बर्फ वितळतो तेव्हा खरोखरच वसंत आलेला असतो. सपाटीवरील बागेत जानेवारी-फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडले की रोप जागे होते, कोवळे कोंब वर येतात, आणि पुढच्याच आठवड्यात कडाक्याची गोठण येऊन त्यांना जाळून टाकते. शरदात कमावलेली सिद्धता एकदा उतरली की ती त्या ऋतूत पूर्णपणे परत मिळत नाही. उणे चार अंशांत रोप कसे मेले, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उबदार रात्रींचा खर्च

दुसरे अर्धे उत्तर त्याआधीच्या उन्हाळ्यात शोधावे लागते. वनस्पती दिवसा सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि रात्रंदिवस श्वसन करून त्यातील काही भाग खर्च करते. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग सुमारे दुप्पट होतो. पर्वतावर दिवसा ऊन भरपूर असल्याने कमाई चांगली होते व रात्री थंड असल्याने खर्च बेताचा राहतो. राहिलेली शिल्लक मुळांत व बुंध्यात साठविली जाते. या शिल्लकेवरच रोप पुढचा हिवाळा काढते व वसंतात पालवते.

सपाटीवर हा ताळेबंद बिघडतो. ढगाळ दिवसांत कमाई घटते आणि उबदार रात्रींत खर्च वाढतो. तशात उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, नेमकी त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. रोप उन्हाळाभर हिरवे दिसते, परंतु ते आतून रिकामे होत असते. अशा रोपावर हिवाळा आला म्हणजे साधी थंडीही त्याला भारी पडते. मृत्यू हिवाळ्यात दिसतो, परंतु त्याची सुरुवात मागील उन्हाळ्यातच झालेली असते.

अतिपोषणाचा दोष

आपल्याकडे झाड खुरटले की खत घालण्याची रीत आहे व ती पुष्कळ पिकांना योग्यही आहे. पर्वतीय रोपांना मात्र सढळ नत्र घातक ठरते. भरपूर नत्र मिळाले की रोप झपाट्याने वाढते, दांडे लांबट होतात, पेशी मोठ्या व पातळ भिंतींच्या बनतात आणि शरदात वाढ थांबायला हवी तेव्हाही ती चालूच राहते. अशा लुसलुशीत रोपाला थंडी लवकर मारते आणि मावा व बुरशी लवकर गाठतात. एडलवाईसमध्ये तर हा दोष डोळ्यांना दिसतो. खतावलेल्या मातीत व अपुऱ्या उन्हात ती उंच होते, तिची लव विरळ पडते आणि पांढऱ्याशुभ्र तारकेला हिरवट-राखी रंग चढतो. मावसबहिणीला दुसऱ्या वर्षी जी भरघोस वाढ दिसली, ती भरभराट नव्हती, ती पुढच्या संकटाची सूचना होती.

वय आणि किडी

बहुवर्षायू म्हणजे चिरंजीव, असा आपला एक समज असतो. तोही तपासून पाहिला पाहिजे. आल्प्समधील एका लव्हाळ्यासारख्या गवताची बेटे सुमारे दोन हजार वर्षांची असल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी केला आहे. ते गवत जमिनीखालून अतिशय सावकाश पसरत जाते व जुना भाग मरत गेला तरी नवा भाग जगत राहतो. एडलवाईसचे तसे नाही. ती मुळातच अल्पायुषी बहुवर्षायू आहे. काही वर्षांनी तिच्या झुबक्याचा मध्यभाग पोकळ व निबर होतो. निसर्गात दरवर्षी आजूबाजूला बी पडून नवी रोपे उगवत असतात, त्यामुळे एखादे रोप गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. बागेत एकच रोप असते, त्यामुळे त्याचा नैसर्गिक शेवटदेखील अपघात वाटतो.

किडींमध्ये शंख नसलेल्या गोगलगायी कोवळे कोंब रातोरात फस्त करतात. कुंडीतील रोपांना सोंडकिड्याच्या अळीचा उपद्रव अधिक होतो. या किड्याचे प्रौढ रात्री पानांच्या कडा कुरतडतात, तर त्याच्या पांढऱ्या, बिनपायांच्या, वाकड्या अळ्या शरदापासून वसंतापर्यंत मातीत राहून मुळे खातात. वरून सुदृढ दिसणारे रोप एके दिवशी हात लावताच अलगद निघून येते, तेव्हा खाली मुळेच उरलेली नसतात.

मेलेल्या रोपाची तपासणी

रोप मेले की ते टाकून देऊन त्याच जागी दुसरे लावणे ही सर्वसाधारण चूक आहे. मेलेले रोप काळजीपूर्वक उकरून पाहिले तर ते बरेच काही सांगते. मुळे तपकिरी व बुळबुळीत असून मातीला कुबट वास येत असेल, तर निचरा सदोष आहे असे समजावे. मुळे ठीक असून केवळ बुंधा काळा व मऊ झाला असेल, तर ओल जमिनीच्या वरच्या बाजूने, पानांत व बुंध्याशी साचलेली होती. मुळे नाहीशी होऊन मातीत वाकड्या अळ्या सापडल्या, तर कारण उघडच आहे. रोप जमिनीतून वर उचललेले व मुळे सुकलेली असतील, तर तो गोठण्या-वितळण्याचा परिणाम होय. जुन्या झुबक्याचा मध्य मेला असून कडेला जिवंत फुटवे असतील, तर ते फुटवे वेगळे करून लावावेत, रोप अजून गेलेले नाही. पुष्कळदा एकाहून अधिक कारणे एकत्र येतात. उन्हाळ्याने रोप अशक्त केलेले असते, खताने ते लुसलुशीत झालेले असते आणि हिवाळी ओल शेवटचा घाव घालते.

बागकामातील उपाय

या प्रश्नांवर युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि बागप्रेमींनी दीर्घकाळ परिश्रम घेतले आहेत. ऑस्ट्रियातील वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन केर्नर यांनी १८६४ साली आल्प्समधील वनस्पतींच्या लागवडीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड फॅरर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या लेखनातून दगडी बागेची आवड घरोघर पोहोचविली. दगडी बाग म्हणजे शोभेसाठी रचलेला दगडांचा ढीग नव्हे, तर पाणी वाहून जावे व मुळांना दगडाखालची गार ओल मिळावी यासाठी केलेली रचना होय, हे लोकांना हळूहळू पटत गेले. चेक प्रजासत्ताकातील बागप्रेमींनी दगडी चिपा उभ्या रोवून त्यांच्या अरुंद फटींत रोपे लावण्याची पद्धत विकसित केली. ती खडकाच्या फटीचे हुबेहूब अनुकरण करते.

उपाय थोडक्यात असे सांगता येतील. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच व उतरता असावा. मातीत निम्म्याहून अधिक बारीक खडी व जाड वाळू मिसळावी. बुंध्याभोवती दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा खडीचा थर द्यावा, म्हणजे मान कोरडी राहते. जागा दिवसभर उन्हाची व वारा खेळणारी असावी. खत जवळजवळ देऊच नये. हिवाळ्यात रोपाला ऊब देण्याऐवजी वरून काचेचे छप्पर करून त्याला कोरडे ठेवावे, मात्र चारही बाजू मोकळ्या असाव्यात. ताजे बी मातीच्या पृष्ठभागावर पेरावे. ते पुरू नये, कारण उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो. दर दोन-तीन वर्षांनी नवी रोपे तयार ठेवावीत.

लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानात २००६ साली उघडलेले पर्वतीय वनस्पतींचे काचगृह या विचाराचा उत्तम नमुना आहे. काचगृह म्हटले की उष्णता, अशी आपली कल्पना असते. येथे मात्र जमिनीखालील काँक्रीटच्या नागमोडी मार्गांतून हवा फिरवून ती गार केली जाते आणि रोपांवरून खेळविली जाते. रोपांना कोरडे, गार व हवेशीर ठेवणे हाच त्या इमारतीचा उद्देश आहे. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात तर सौंदर्यप्रसाधनांसाठी एडलवाईसची शेती केली जाते व त्यासाठी ‘हेल्वेशिया’ नावाचा निवडक वाणही तयार करण्यात आला आहे. ही शेतीही डोंगराळ भागातच होते. पीक घेणाऱ्यांनी रोपाला सपाटीवर ओढून आणले नाही, ते स्वतःच रोपाच्या जागेकडे गेले.

शिखरांवर काय घडत आहे?

बागेतील एका रोपाच्या मृत्यूची एवढी चिकित्सा कशासाठी, असे एखाद्या वाचकाला वाटेल. परंतु जे बागेत तीन वर्षांत घडते, ते पर्वतावर अनेक दशकांत घडू लागले आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असून पर्वतही त्याला अपवाद नाहीत. युरोपातील ३०२ शिखरांवरील वनस्पतींच्या १४५ वर्षांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. १९५७ ते १९६६ या दशकाच्या तुलनेत २००७ ते २०१६ या दशकात शिखरांवर नव्या जाती येण्याचा वेग सुमारे पाचपट झाल्याचे त्यात आढळले.

वरवर पाहता ही आनंदाची वार्ता वाटेल. परंतु या नव्या जाती खालून वर चढलेल्या आहेत. त्या उंच व वेगाने वाढणाऱ्या असतात. मूळच्या बुटक्या वनस्पतींना त्या झाकोळून टाकू शकतात. खालच्या वनस्पतींना वर जायला जागा आहे, शिखरावरील वनस्पतींना मात्र वर केवळ आकाश आहे. बर्फाची दुलई पातळ होणे, ती लवकर वितळणे, रात्री उबदार होणे, ही बागेत पाहिलेली कारणेच तेथे संथपणे काम करीत आहेत. बागेत आपण वाफा बदलू शकतो, काच झाकू शकतो. पर्वताला असे छप्पर घालता येत नाही.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात वृक्षरेषेच्या वरचा प्रदेश नाही. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीचे आहे. महाबळेश्वर कितीही थंड वाटले तरी तेथे बर्फाची दुलई नाही आणि पावसाळा मात्र मुसळधार आहे. तेव्हा सहलीहून आणलेले एडलवाईसचे बी आपल्याकडे उगवले, तरी पावसाळा पार करण्याची आशा धरणे व्यर्थ होय.

एका बाबतीत मात्र आपला या विषयाशी जवळचा संबंध येतो. आपल्या घरोघरी कुंडीत जे ‘ब्रह्मकमळ’ रात्री फुलते व ज्याची पूजा केली जाते, ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या उष्ण, दमट जंगलातील निवडुंगाच्या कुळातील झाड आहे. आपली हवा त्याला मानवते, म्हणून ते पानाच्या तुकड्यापासूनही फोफावते. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ ही उत्तराखंडाच्या राज्यपुष्पाचा मान मिळालेली, एडलवाईसच्याच कुळातील पर्वतीय वनस्पती होय. ती सुमारे ३,७०० मीटरांपासून वरच्या उतारांवर वाढते. बद्री-केदारच्या यात्रेत ती पाहून कित्येकांना ती मुळासकट घरी आणण्याचा मोह होतो. मूळ पिशवीत आणता येते, तेथील रात्र व तेथील बर्फ आणता येत नाही. अशा रोपाचा मृत्यू ते उपटण्याच्या क्षणीच निश्चित झालेला असतो, आणि तेथील उतारावर एक बी धरणारे झाड कमी झालेले असते. तेव्हा यात्रेकरूंनी व गिर्यारोहकांनी ही झाडे डोळे भरून पाहावीत व तेथेच ठेवावीत.

आपल्याकडील वृक्षलागवडीलाही हाच न्याय लागू पडतो. ‘हे झाड कुठेही जगते’ असे ऐकले की ते कोठे, कोणत्या मातीत आणि किती पाण्यावर जगते, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. रोप लावण्यापूर्वी एक दिवस जागा पाहण्यात घालवला तर पुढची अनेक वर्षे वाचतात.

मावसबहिणीला हे सर्व सविस्तर कळविले. तिने जुना वाफा मोडून, खडी घालून तो उंच व उतरता केला, खत बंद केले आणि विकतच्या रोपाऐवजी बी पेरले. यंदाच्या पत्रात ती लिहिते की, रोपे जेमतेम वीतभर उंचीची आहेत, शेजाऱ्यांना ती खुरटलेली वाटतात, परंतु तारका पांढऱ्याशुभ्र आहेत, आणि त्या रोपांनी दुसरा हिवाळा पार केला आहे. काही बी तिने पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले आहे.